साडेदहा पायल्या

पावणेपाचला गंगावेशीत दुधाचे कॅन उतरत असतात
आणि त्रिशला मगदूम गिरणीच्या पायरीवर बसून
नाड्या आवळत असते.
बूट ती गिरणीतच ठेवते, चक्कीमागं,
त्यामुळं पहिली शंभर पावलं
डांबरावर पिठाचे ठसे उठतात.
मग पीठ संपतं. आम्ही उरतो.

तिला त्रेपन्न, मला एक्कावन्न.
ती किलोमीटर मोजत नाही.
चार किलोमीटरची एक पायली.
शिवाजी पूल आला की म्हणते, 'पाव झाली.'
फेब्रुवारीत साडेदहा पायल्या पळायच्यात,
ती तारीख तिच्या उधारीच्या वहीत आहे,
कुणाच्यातरी ज्वारीच्या खाली.

वडणगे फाट्याला गुऱ्हाळाचा वास अंगाला चिकटतो.
उसाच्या ट्रॉल्या डोलत जातात, बिनदिव्याच्या.
परवा एका ड्रायव्हरनं गाणं बारीक केलं, विचारलं,
'मावशी, काय हरवलंय काय?'
'व्हय,' त्रिशला ओरडली, 'तुझा मागचा दिवा!'

मी मूळची सिन्नरची.
इथं येऊन अठ्ठावीस वर्षं झाली,
पण इथल्या बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात
ते माझ्या तोंडात कधी बसलं नाही.
जावा हसून हसून दमल्या,
मी आपली 'येते'ला धरून.

उजाडल्याशिवाय त्रिशला काही खात नाही.
धर्म आहे तिचा, आणि थोडा हट्टही.
रुमालात चार खजूर बांधलेले.
तिसऱ्या पायलीला माझे पाय शिशाचे होतात,
मी गूळ-शेंगदाणे चघळते, जरा चोरून.
ती मागं वळून पूर्वेकडं बघते,
ठरलेलं गिऱ्हाईक अजून कसं आलं नाही तसं,
आणि पळत राहते.

शेजारी पळताना तोंड बघावं लागत नाही.
म्हणून काय काय बोललोय या रस्त्यावर.
तिची पिशवी काढली तेव्हाचं.
भर जानेवारीत माझ्या मानेतून निघणारी वाफ.
एकदा तिनं विचारलं, 'तुला कुणी आवडलेलं का गं, आधी?'
अख्खी एक पायली मी गप्प होते.
मग सांगितलं.
तिनं फक्त वेग थोडा कमी केला.

आज केर्लीच्या पुढं, तसंच समोर बघत, ती म्हणाली,
'गुडघ्यातली गादी संपली म्हणं.
दोन दगड घासायलेत, मधे दाणा न्हाई.'
'कधी दाखवलंस?'
'मंगळवारी.'
गुरुवारी आम्ही दोन पायल्या पळालो होतो.
ती पुढं होती.

वाघबीळला ती थांबली.
टपरी बंद, बाकडं दवानं ओलं.
'तू हो पुढं. वरनं आलीस की हितंच हाय मी.'
मीही थांबते, मी म्हणाले.
'थांब की. मग दळण कोण घालणार? तुझी सासू?'
सासूला जाऊन सहा वर्षं झाली.
दोघी हसलो, नको तितकं.
तिनं रुमाल सोडला
आणि दोन खजूर माझ्या मुठीत कोंबले.

घाट लागला.
मागून तिची हाक आली, शब्द कळले नाहीत,
मी न वळता ओरडले,
'आलो!'

दहा पावलं गेल्यावर ऐकू आलं मला, काय बोलले ते.
खाली ती हसली असेल.
किंवा गुडघा चोळत असेल, ऐकलंही नसेल.

दुसऱ्या वळणाला डोंगराची सावली होती.
खाली रानात ऊन उतरलेलं दिसत होतं,
उसाच्या तुऱ्यांवरून सरकत,
बाकड्यापर्यंत पोचलं की नाही, इथून कळेना.
भूक लागली होती. गूळ खिशात होता.
मुठीतले खजूर मऊ होत चालले.
मी चढत राहिले,
एक डोळा खाली ठेवून.